काळी दोनची पेटी

"रशीदभाई, गळ्याचा चांगला डॉक्टर कोण हाये? तुमच्यापाशी गाणारे लोक येतात, तुमाले माहीत असन."

गोविंदबुवा दुकानात आले ते हे विचारतच. सोबत मंडळातलं कोणी नव्हतं. जानेफळच्या पुढच्या गावाहून एसटीने एकटेच मेहकरला आले होते. वय सत्तरच्या पुढे. त्यांच्या गावातल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं तेच पुढे बसून गातात, बाकीचे मागून म्हणतात.

मी पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. सव्वीस वर्षं झाली या धंद्यात. त्यामुळे गाणारे माझ्याकडे येतात हे खरं, पण डॉक्टरचा पत्ता विचारायला आलेले बुवा पहिलेच.

"काय होऊन राह्यलं गळ्याले?"

"सूर खाली जाते. मास्तर म्हणते, बुवा, गांधार उतरून राह्यला तुमचा. मोबाइलवर दाखवलं त्यायनं. मी गातो अन् लाल दिवा लागते."

मास्तर म्हणजे त्यांच्या मंडळात पेटी वाजवणारे. तिथल्याच शाळेवर शिक्षक आहेत. माणूस चांगला, फक्त प्रत्येक गोष्ट तपासून पाहण्याची खोड आहे.

"आता म्या मंडळाले सांगून टाकलं," बुवा म्हणाले. "एकादशीले तुमीच म्हणा. मी मांगं टाळ घेऊन बसतो."

हे त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.  तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या मंडळाची पेटी मीच दुरुस्त करून दिली होती. तेव्हा बुवाही सोबत आले होते. पेटी परत देताना मी ऐटीत म्हणालो होतो, "बुवा, आता ही घड्याळासारखी बरोबर हाये. आता चुकलं तं गळ्याचं चुकलं."

त्या दुरुस्तीचं थोडं सांगायला हवं. पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. हवा निसटत होती, म्हणून मास्तर ती घेऊन आले. भात्याचं काम सोपं असतं. पण पेटी उघडलीच आहे तर ट्यूनिंगही करून टाका, असं ते म्हणाले. पेटीच्या आत पितळी पट्ट्या असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. प्रत्येक सुराला एक पातळ जीभ असते. हवा गेली की ती थरथरते आणि वाजते. जीभ टोकाकडून खरवडली की सूर चढतो, बुडाकडून खरवडली की उतरतो. खरवडलेलं पितळ मात्र परत येत नाही.

हल्ली हे काम मोबाइलच्या ट्यूनर अ‍ॅपवर करतात, मीही करतो. पेटीवरच्या शेजारशेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग करायचे. त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. अ‍ॅप सांगतं की सूर किती सेंट वर आहे किंवा खाली. बरोबर मध्ये आला की हिरवा दिवा, नाहीतर लाल.

ती पेटी अ‍ॅपवर तपासली तेव्हा लालच लाल. कुठे चौदा खाली, कुठे सोळा वर. बनवणारे खामगावकडचे एक जुने मिस्त्री, आता हयात नाहीत. मी मास्तरांना म्हणालो, "कान असन त्यायले, पण काम अंदाजपंचे हाये." मास्तर हसले. मग मी दोन दिवस बसून चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी सूर हिरव्या दिव्यावर आणले. मास्तर घरच्या कीबोर्डसोबत ती वाजवून पाहून एवढे खूष झाले की मला फोन करून ऐकवलं.

आणि आता बुवा समोर बसून डॉक्टर विचारत होते.

"गाऊन दाखवा जरा," मी म्हणालो.

"इथं?"

"इथंच. गिऱ्हाईक कोणी नाही. गळा पाहू द्या, मंग डॉक्टरचं पाहू."

बुवांचा सूर काळी दोन. म्हणजे पेटीवरची ती काळी पट्टी त्यांचा सा, बाकी सगळे सूर तिथून मोजायचे. मी दुकानातल्या पेटीवर फक्त तेवढी एकच पट्टी दाबून धरली. बुवांनी डोळे मिटले आणि सा लावला. मग सावकाश वर चढत गेले. रे, आणि मग ग, म्हणजे गांधार.

काय सांगू! गळ्यात काही म्हणजे काही बिघाड नव्हता. तो गांधार त्या सा मध्ये असा मिसळला की दोन सूर वेगळे ऐकूच येईनात. मोबाइल टेबलावर चालू होता. त्यावर लाल दिवा, चौदा सेंट खाली. मी पुन्हा गायला लावलं. पुन्हा चौदा.

उतरलेला गळा इतका नेमका उतरत नाही. तो एकदा आठ उतरतो, एकदा वीस.

मग मी त्यांच्या गाण्यासोबत पेटीवरचा गांधारही दाबला. लगेच दोन्ही सूर एकमेकांना घासायला लागले. बुवांनी तोंड वाकडं केलं, आवाज थोडा वर ढकलला, आणि तिथे गाणं कच्चं झालं.

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. सा मधून आपोआप निघणारा गांधार पेटीच्या गांधारापेक्षा जरा खाली असतो. पण पेटीवर कोणी काळी एकला गातो, कोणी पांढरी चारला. प्रत्येकाचा गांधार वेगळ्या पट्टीवर पडतो. म्हणून सप्तकातली बाराही अंतरं सारखी करून टाकतात. मग पेटी कोणालाच अगदी बरोबर नसते आणि कोणालाच फार चूक नसते. ही सोय आहे. सव्वीस वर्षांत मी तिलाच सूर समजायला लागलो होतो.

माझी एक सवय आहे. ट्यूनिंगच्या आधी प्रत्येक सूर किती वर-खाली होता ते वहीत लिहितो. ती वही काढली. पेटीवरचे जेवढे सूर बुवांचा शुद्ध गांधार होते, ते तिन्ही सप्तकांत चौदा खाली. धैवत सगळे सोळा खाली. कोमल गांधार सगळे सोळा वर. अंदाजपंचे काम असतं तर एक चार वर, दुसरा नऊ खाली असा पसारा दिसला असता. हे तर मापात शिवलेलं होतं. लिहिताना एकेक आकडा मीच लिहिला होता, पण सगळे मिळून एकदाही वाचले नव्हते.

"बुवा, हे पेटी केली तवा मिस्त्रीनं तुमाले गायाले लावलं होतं काय?"

"हाव. तीन दिवस मुक्कामाले होते गावात. देवळात बसून लावली. म्या म्हणावं, त्यायनं घासावं. पुन्हा म्हणा म्हणे, पुन्हा घासे."

"मंग हे मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी कुठी इचारलं? मले वाटलं समदेच मिस्त्री असं करतात."

 मी वही मिटली आणि म्हणालो, "बुवा, तुमच्या गळ्याले काई नाही झालं. चूक माही हाये. पेटी म्या बिघडवली."

बुवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रागावतील असं वाटलं होतं.  पण ते म्हणाले, "म्हंजे डॉक्टर नको?"

"नको."

"पंधरा दिवस झोप नाही लागली रशीदभाई," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.

मला माझीच लाज वाटली. ती आजही आठवली की वाटते.

दुसऱ्या दिवशी अवजारं घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. पेटी देवळात होती. मास्तर शाळा सुटल्यावर आले. त्यांना सगळं समजावून सांगितलं, वही दाखवली. त्यांना ते पटेना.

"सूर म्हंजे गणित हाये रशीदभाई. वर्गात पोरगं बे दुणे साडेतीन म्हणे तं मी मार्क देऊ काय? मशीन चुकीचं हाये काय?"

"मशीन बरोबर हाये."

"मंग बुवा चूक."

"बुवाही बरोबर."

"असं कसं? आपल्या देवळात बरोबर अन् मेहकरात चूक, असा सूर असते काय?"

"काळी दोनले बरोबर अन् पांढरी चारले चूक, असा असते. ऐका तुमी."

मी त्यांना सा दाबून धरायला लावला आणि बुवांना गायला सांगितलं. मग मास्तरांनी स्वतः गांधार दाबून पाहिला. दोनदा, तीनदा. मोबाइलकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. त्यांचा कान चांगला आहे, त्यांना कळलं. पण माणूस हट्टी.

"बरं. मंग एक सांगा. मोठा कारागीर कोण? ज्याची पेटी समद्यायले चालते तो, का एकालेच चालते तो?"

"ते मले नाही सांगता येत मास्तर. हे पेटी कोणासाठी केली होती, तेवढं आता माहीत हाये."

"अन् उद्या बुवा नसले तं? मंग काय करसान हिचं?"

 मास्तरांच्या लगेच लक्षात आलं की आपण काय बोलून गेलो. बुवा टाळांची दोरी सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग खरवडजा पुन्हा. आज तं हावो ना मी."

मास्तर भात्याशी येऊन बसले.

चाळीसच्या वर सूर परत हलवायचे होते. जे उतरवायचे होते, त्यांच्या जिभा बुडाकडून खरवडाव्या लागतात. तिथेच सगळा ताण येतो. जुनं पितळ, त्यात मी ते एकदा टोकाकडून खरवडून बसलेलो. वहीतल्या आकड्यांनी जवळपास आणलं, शेवटचा केसभर फरक बुवांच्या आवाजावर. बुवा म्हणायचे, मी घासायचो, मास्तर हवा द्यायचे. दोन दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या सप्तकातल्या गांधाराची जीभ तुटली. बारीकसा टक आवाज आला. अख्ख्या पेटीत सगळ्यात जास्त वाजणारा सूर तो. माझ्याकडे एका मोडीत निघालेल्या पेटीचे सूर होते, त्यातला एक घासून बसवला. चौदा सेंट खाली आणला, अगदी बरोबर आणला. तरी बुवांनी ऐकून मान हलवली.

"जागेवर हाये. पण हा आपल्यातला नाही."

"नाही," मी म्हणालो. "तेवढा गेला. माह्या हातून गेला."

"राहू द्या. होईन ओळखीचा."

एकादशीला मी थांबलो. बुवा पुढे बसले. मास्तर पेटीवर होते, मोबाइल खिशात. मंडळातल्या लोकांना सेंट वगैरे काही माहीत नव्हतं. पण दुसऱ्या अभंगाला मागचे टाळकरी नेहमीपेक्षा जोरात म्हणायला लागले, आणि मला हायसं वाटलं. त्या नव्या गांधारावर बुवा आले की किंचित थबकायचे. ते फक्त मला कळत होतं, आणि त्यांना.

तेव्हापासून माझ्या कामात एक बदल झाला. पेटी उघडण्याआधी मी विचारतो, गाणार कोण आणि कोणत्या सुरात. बहुतेक लोक म्हणतात, कोणीही गाते, कशातही. मग हिरवा दिवा. क्वचित कोणी एकच नाव सांगतो. मग मी त्या माणसाला बोलावून घेतो.

काही महिन्यांनी एक फोन आला. बाहेरगावचे कीर्तनकार होते. बुवांच्या गावी त्यांचं कीर्तन झालं होतं. ते गातात पांढरी चारला.

"देवळातली पेटी तुम्ही लावलीत का? मास्तरांनी तुमचं नाव दिलं."

"हो, मीच."

"अहो, काय लावलीय! इतकी बेसुरी पेटी मी जिल्ह्यात पाहिली नाही. तुमचा कान तपासून घ्या."

मी म्हणालो, बरं महाराज.