राजाची उडी

आमच्या ह्यांच्यासारखा भित्रा माणूस अख्ख्या खानदेशात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. हे मी पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते. बेचाळीस वर्षं संसार केलाय, तेवढा हक्क आहे मला.

नाव तोताराम. गल्लीत सगळे नाना म्हणतात. मूळचे शिंदखेड्याचे, एसटीत कंडक्टर होते. गाडी घाटाला लागली की हे डोळे मिटून घ्यायचे, हे मला त्यांच्याच ड्रायव्हरनं सांगितलंय. रिटायर झाल्यावर जळगावात मेहरूणला तीन खोल्यांचं घर घेतलं. पुढची खोली, मधली खोली आणि मागे स्वयंपाकघर. घरात आम्ही दोघंच. दिवसातून वीस वेळा एकच प्रश्न, "रूपा, दार बंद शे ना?"

बुद्धिबळाचा नाद मात्र दोघांनाही. माझे वडील कौतिक आबा, पाचोऱ्याचे. त्यांनी मला देशी खेळ शिकवला आणि लग्नानंतर मी तो ह्यांना शिकवला. देशी खेळात प्यादं एकेकच घर चालतं, राजा-हत्तीचा किल्लेकोट नसतो. पण राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. फक्त एकदा, आणि तीही पहिला शह बसायच्या आधी. शह बसला की उडी मेली.

मी चौथ्या-पाचव्या खेळीलाच वजीर बाहेर काढते. उडीही मारून मोकळी होते. दमच निघत नाही मला. हे आधी प्याद्यांची भिंत उभी करणार, मागे उंट, कोपऱ्यात हत्ती आणि त्या गर्दीत राजा. "घर आधी, मंग लढाई," म्हणायचे. खोटं कशाला बोलू, निम्मे डाव तेच जिंकायचे. माझे घोडे, माझा वजीर त्या भिंतीवर डोकं आपटून मरायचे आणि मग हे हळूच एक प्यादं पुढे सरकवायचे. असा राग यायचा!

पण हरायचे तेव्हा एकाच तऱ्हेनं हरायचे. आपल्याच माणसांनी राजाला असं काही गच्च वेढलेलं असायचं, की शह बसला तर हलायला घर नाही. मी म्हणायची, "अहो, उडी का नाही मारली वेळेवर?" तर म्हणायचे, "पडी राहू दे, कधी तरी कामले येई." बेचाळीस वर्षांत त्यांच्या राजानं एकदाही उडी मारली नाही. दर वेळी राखून ठेवली आणि दर वेळी वाया घालवली.

मागच्या दिवाळीत आमच्या गल्लीत चोरी झाली. दोन घरं सोडून. झालं, ह्यांची झोपच उडाली. सगळ्या खिडक्यांना गज बसवले. पुढच्या दाराला आतून जाळीचं लोखंडी दार, त्याला दिवसासुद्धा कुलूप. मागच्या दाराला आडवी पट्टी आणि कुलूप, शिवाय त्या दाराला लावून लोखंडी कपाट. सगळ्या किल्ल्यांचा जुडगा पुढच्या खोलीत, बाजूच्या भिंतीच्या खिळ्याला. मी म्हटलं, "हे घर आहे का जेल? राजाला एखादी खिडकी तरी ठेवा." तर म्हणाले, "चोर खिडकीतूनच येस." मी कपाळावर हात मारून घेतला.

मे महिन्यातली दुपार होती. जळगावचं ऊन काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. घराघरात कूलर घरघरत होते. आम्ही मधल्या खोलीत डाव मांडून बसलो होतो. पुढच्या खोलीतला कूलर जोरात होता, म्हणजे मधल्या खोलीपर्यंत वारा यायचा. मी त्यांचा एक उंट मारला आणि तेवढ्यात वास आला. काहीतरी जळत होतं.

मी दाराशी जाऊन पाहिलं. कूलरमधलं पाणी संपून मोटर जळली होती, आतल्या वाळ्याच्या ताट्या पेटल्या होत्या आणि खिडकीचा पडदा वरपर्यंत भडकला होता. मी पळत जाऊन पाण्याची बादली उचलली. तर हे असे ओरडले, की तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पानी नको टाकू! त्यामा करंट शे!" आणि त्यांनी मधल्या खोलीतला मेन स्विच खाली ओढला. त्या दिवशी मी बादली ओतली असती, तर ही गोष्ट सांगायला मी उरले नसते. भित्रेपणानंच वाचवलं मला.

पण ताट्यांवरून जाळ सोफ्यावर आला. पुढचं दार त्या खिडकीला लागूनच, तिकडे जायची सोय राहिली नाही. आम्ही स्वयंपाकघरात पळालो. समोर कपाट. मी ढकललं, जागचं हलेना. खिडकीला तोंड लावून "मेघा! अगं मेघा!" करून शेजारणीला हाका मारल्या. तिच्याकडचा कूलर इतका घरघरत होता, की माझा आवाज मलाच धड ऐकू येईना. धूर आत आला. डोळे चुरचुरायला लागले. मला आयुष्यात पहिल्यांदा इतकी भीती वाटली. इथंच मरणार आपण, ह्याच ओट्यापाशी, असं वाटलं.

हे कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम आलं.

"किल्ल्या पुढच्या खोलीत आहेत," मी म्हटलं.

हे आणखीच कोपऱ्यात सरकले.

"मधल्या दारापासून दोन पावलं सरळ आणि एक डावीकडे. अडीच घरं आहेत हो नाना! जाळ अजून दारापर्यंत आलेला नाही. आल्यावर काय करणार? मारा ना उडी! आता नाही मारायची तर कधी मारायची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, मोरीतला ओला टॉवेल डोक्यावर घेतला आणि वाकून धुरात शिरले. दिसेनासे झाले.

मी एकीकडे ओरडत होते, एकीकडे कपाटाशी झटत होते. ढकलून हलत नाही म्हटल्यावर बाजूच्या फटीत शिरले, भिंतीला पाठ लावली, दोन्ही पाय कपाटाला लावले आणि आईचं नाव घेऊन ते आडवं पाडलं. डबे, पातेली सगळी घरभर. पण हे येईनात. मी दहापर्यंत मोजलं. परत मोजलं. पुढच्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं आणि मी देवाला नाही नाही ते बोलले.

मग टॉवेल दिसला. खोकत, रांगत आले. जुडगा उजव्या मुठीत होता आणि मूठ उघडत नव्हती, कारण लोखंड तापलेलं आणि कातडी त्याला चिकटलेली. मीच एकेक बोट सोडवलं. कुलूप मी काढलं, पट्टी दोघांनी ओढली आणि आम्ही मागच्या बोळात उन्हात जाऊन पडलो. मग मेघा धावत आली, लोक आले, वाळू आली, बंब आला. पुढची खोली गेली. आम्ही राहिलो.

आता भिंतींना नवा रंग आहे. मागच्या दाराला फक्त कडी, तीसुद्धा मीच दहा वेळा उघडून पाहते. हसू नका. गल्लीत कुणी चूल पेटवली तरी मी आधी दाराशी धावते. शूर होते ती मी, आता ही गत आहे.

परवा दुपारी पहिल्यांदा डाव मांडला. ह्यांच्या उजव्या हाताला अजून पट्टी, डाव्या हातानं खेळत होते. प्याद्यांची भिंत नेहमीसारखीच. मी वजीर उचलला, तर हे पटाकडे पाहत एकदम म्हणाले, "रूपा, मनी उडी सरी गयी. आते परत तसं काही झालं तं?"

पटावरची त्यांची उडी तशीच होती; संपली म्हणत होते ती त्या दुपारची. वजीर हातातच राहिला. भीती त्यांना होती आणि मलाही तितकीच होती, पण दोघांनी एकदम घाबरून कसं चालेल?

"मनी शे ना अजून," मी म्हटलं.