आला तोच आकडा

आज टेस्टिंगच्या टेबलावर आमच्या नव्या ट्रेनीने, श्रद्धाने, मोटरच्या इन्सुलेशनचं रीडिंग लिहिलं आणि लगेच खोडरबर उचललं. आकडा बाकीच्या मोटरींपेक्षा फारच कमी होता.

तिची घाई मला कळली. कॉलेजात आम्ही उत्तर आधी काढून रीडिंग मागाहून भरायचो. एकदा लॅबच्या सरांनी माझं जर्नल पाहिलं. "बाई, तुझी मोटर भलतीच आज्ञाधारक दिसते. पुन्हा चालव." मी ती दुपारभर चालवली. ग्राफ वाकडा आला आणि सरांनी त्यावर सही केली. कॉलेजने कामाचं काही शिकवलं नाही असं मी पुष्कळदा म्हणते, तेव्हा ती दुपार सोयीने विसरते.

मला चारचौघांत बोलवत नाही, तरी आज बोलले. "राहू दे. आला तोच लिही."

"मॅडम, माझंच काही चुकलं असेल."

"मग पुन्हा घे."

पुन्हा तोच आकडा आला. मोटर उघडली, तर आत तारेवरचं वीज अडवणारं आवरण एका जागी जळालेलं. ती पिठाच्या गिरणीत जाणार होती. तिथे कुणीतरी पीठमाखल्या हाताने रोज तिला शिवलं असतं.

श्रद्धा मला थँक्यू म्हणाली. सरांचा नंबर माझ्याकडे आहे. फोन लागल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मी संध्याकाळपासून कागदावर लिहून पाहते आहे.