साडूंचं शिरा शोधायचं यंत्र

माझ्या साडूंना माणसापेक्षा त्याच्या कातडीखाली काय आहे याचीच ओढ जास्त, असं माझं पुष्कळ वर्षं ठाम मत होतं. चाळीसगावात त्यांचा लहान मुलांचा दवाखाना आहे. गुबगुबीत पोराच्या हातात सलाईनसाठी शीर सापडणं अवघड, म्हणून त्यांनी शिरा शोधायचं यंत्र आणलं. ते हातावर धरलं की हिरवा उजेड पडतो आणि त्यात शिरांचं जाळं काळं उमटतं. लोक पाहुण्यांना लग्नाचा अल्बम दाखवतात, तसे साडू तेव्हापासून पाहुण्यांना त्यांच्याच शिरा दाखवू लागले. माझ्या पाहून "वळणं फार घेतात" एवढंच म्हणाले. त्यांच्या पुतणीला बघायला आलेल्या मुलाचा पंजा चहाच्याही आधी उजेडाखाली गेला. लग्न सुखाचं झालं, आणि त्याचं श्रेय साडू अजून जावयाच्या मनगटातल्या शिरेला देतात. रडणाऱ्या पोराच्या हाती मात्र ते आधी यंत्र देत आणि स्वतःचा हात पुढे करत. "शोध माझी." शोधायच्या नादात पोर रडायचं विसरे.

दसऱ्याला त्यांनी यंत्राची पूजा केली. झेंडूचा हार, अक्षता आणि हळद-कुंकवाची भरघोस बोटं. दुपारी मी सोनं द्यायला गेलो, तर जवळच्या खेड्यातले एक आबा नातीला घेऊन आलेले. उलट्या-जुलाबांनी पोर पार सुकली होती. डोळे खोल गेलेले, रडली तरी पाणी येत नव्हतं. साडूंनी ऐटीत यंत्र धरलं. इवल्या पंजावर नुसता हिरवा चिखल. एकदा टोचलं, पुन्हा टोचलं, फुकट. धुळ्याला न्यायचं तर तासाहून जास्त लागणार, आणि पोरीकडे तेवढा वेळ दिसत नव्हता. आबांनी वाकून यंत्राची काच निरखली.

"डाक्टर, कुकू कपायले लावतस, डोयाले नही."

साडूंनी स्पिरिटच्या बोळ्याने काचेवरचं कुंकू पुसून उजेड पुन्हा धरला. मनगटाशी एक बारीक रेघ दिसली. सुई आत गेली, थेंब पडू लागले.

संध्याकाळी पोरीने दुपटं ओलं केलं, तेव्हा कुठे आबा चहा प्यायला बाहेर गेले. साडू खाटेशीच बसून होते. यंत्र बंद होतं, सुईवरची पट्टी घट्ट होती, पोर झोपली होती. तो हात धरून ठेवायची आता काहीच गरज नव्हती. त्यांनी तो धरलेलाच होता.