वाढत्या मापाची कयाक

अंबडला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक आरसा आणि दारात चपलांचा ढीग. शाळा सुरू व्हायच्या आधी ड्रेसची गर्दी होते. प्रत्येक आई दारातूनच सांगते, "ताई, वाढत्या मापाचा शिवा." मग मी बाहीत दोन बोटं, घेरात चार बोटं आणि खाली वीतभर कापड दुमडून ठेवते. पहिल्या वर्षी पोरगी त्या ड्रेसात हरवलेली असते. दुसऱ्या वर्षी ड्रेस बराबर बसतो, तिसऱ्या वर्षी उसवून खाली सोडायचा. चप्पल, स्वेटर, सायकल, आमच्याकडं सगळं असंच घेतात. माझ्या पोरीला मीही असंच घेत आले.

पोरगी अकरावीत होती तेव्हाची ही गोष्ट. माझं माहेर कुंभार पिंपळगावच्या पुढं, गंगेच्या काठाला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिथं बंधारा झाल्यापासून पाणी तुडुंब असतं आणि त्या पाण्यात एक खेळाचे सर पोरापोरींना कयाक शिकवायचे. कयाक म्हणजे एका माणसाची, वरून झाकलेली होडी. भोकात उतरून पाय पुढं लांब करायचे आणि दोन्हीकडं पातं असलेलं वल्हं मारायचं. शनिवार आला की माझी पोरगी एसटीनं मामाकडं पळायची. तिचे पप्पा एसटीतच कंडक्टर, त्यामुळं त्यांना ती कुठल्या गाडीत बसली ते माझ्या आधी कळायचं.

बायका बोलायच्याच. एवढी मोठी पोरगी हाफ पँट घालून नदीत काय करते, वगैरे. माझा राग कायम नाकावर. एकीला मी मशीन थांबवून सांगितलं, "माझ्या पोरीला बोलायचं तर मी बोलीन. दुसऱ्या कुणी बोललेलं मला चालत न्हाई." पोरगी आत भाकरीला बसली होती, तिनं ऐकलं. ती बाई ब्लाउज न घेताच तरातरा निघून गेली आणि आठ दिवसांनी नवऱ्याला पाठवून गुपचूप घेऊन गेली.

आणि बोलायचं म्हणाल तर मी घरी पोरीला भरपूर बोलायची. त्यात काही कसर ठेवली नाही.

मग सरांनी बातमी आणली. कोकणात कोलाडला वेगवान पाण्यातल्या कयाकसाठी निवड होणार होती. निवडलेल्या पोरांना तिथंच ठेवून शिकवणार, कॉलेजही तिथंच. वयाची अट अशी होती की पुढच्या वर्षी माझी पोरगी बाद. म्हणजे हीच एक संधी. दोन गोष्टी लागत होत्या. एक, स्वतःची होडी. सरांकडच्या लांबट होड्या संथ पाण्याच्या, वेगवान पाण्याला आखूड आणि गोलगरगरीत होडी लागते. दुसरी गोष्ट रोल. होडी उलटली, डोकं खाली पाण्यात गेलं, तरी आतून न निघता वल्हं आणि कमरेच्या झटक्यानं सरळ व्हायचं. ते जमलं नाही तर नदीत उतरूच देत नाहीत.

भावाची मोसंबीची पिकअप पुण्याला जाणार होती. आम्ही दोघी पुढं बसून गेलो. पुण्यात एक जण जुन्या होड्या विकायचा, त्याच्याकडं आमच्या आवाक्यातल्या दोन निघाल्या. एक निळी, लहान. दुसरी नारिंगी, मोठी. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "वजन किती हिचं?"

पोरीनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "बावन्न."

"आई! चव्वेचाळीस आहे."

"गप बस. वाढून राह्यली न तू."

तो माणूस हसला. म्हणाला, निळी चाळीस ते साठ किलोच्या माणसासाठी आहे, नारिंगी साठच्या पुढच्यांसाठी. मी म्हणाले, मग साठ होईलच की कधीतरी. तो म्हणाला, "ताई, होडी बुटासारखी अंगाला बसावी लागते."

"बूट पण आम्ही एक नंबर मोठाच घेतो," मी म्हणाले. त्यावर बिचाऱ्यानं दोन्ही होड्या ओढून पुढं आणल्या.

पोरगी निळीत बसली. कंबर दोन्ही बाजूंना टेकली, मांड्या वरच्या कमानींखाली अडकल्या, तळपाय पुढच्या आधाराला पोचले. तिनं कंबर हलवली तर अख्खी होडी तिच्यासोबत हलली. "आई, हीच," ती म्हणाली. मला मात्र एवढंच दिसलं की होडी तंग आहे. तंग काही दिसलं की माझा हात आपोआप उसवायच्या कात्रीकडं जातो. मी नारिंगी घेतली. नगर येईपर्यंत पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली. मीही म्हणाले, राहू दे फुगलेली, दोन वर्षांनी मानेल मला.

निवडीला तीन आठवडे राहिले होते. पहिल्या रविवारी मी मुद्दाम बंधाऱ्यावर गेले. पोरगी नारिंगीत बसली, उलटी झाली. वल्हं वर आलं, एक हात वर आला, होडी अर्धी कलली आणि परत धप्पकन पालथी. मग ती आतून सुटून वर आली, नाकातोंडात पाणी. सात वेळा तसंच झालं. मी काठावरून ओरडले, "अगं कंबर हलव, कंबर!"

"हलवते न मी! मी हलते, होडी हलत न्हाई!"

मला ती सबब वाटली. सर हळूच म्हणाले, "ताई, ही हिला मोठी झाली." मी सरांवरही उखडले. पोरीला तर भावासमोर नको नको ते बोलले. सरावाचा कंटाळा, निमित्त शोधते, फुकट गेला सगळा खर्चा. ती रडायला लागली तरी मी थांबले नाही. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

चाचणी परीक्षा होती म्हणून त्या आठवड्यात सराव बंद होता आणि होडी भावानं माझ्या दुकानात आणून टाकली होती. गिऱ्हाइकं तिला ओलांडून आत यायची. एका दुपारी दुकान रिकामं होतं, पोरगी कॉलेजला. काय मनात आलं कोण जाणे, मी दार लोटलं, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि त्या नारिंगी होडीत उतरले.

कंबर दोन्हीकडून टेकली. मांड्या कमानींखाली नीट बसल्या. पाय आधाराला पोचले. मी कंबर हलवली आणि फरशीवर होडी माझ्यासोबत डुलली, बिलकुल तशीच, जशी निळी पोरीसोबत डुलली होती. माझं वजन अडुसष्ट. अख्ख्या तालुक्याच्या बायकांची मापं घेते मी, आणि पोरीसाठी होडी घेताना नजरेसमोर माप होतं माझं.

त्यात भर म्हणजे मला बाहेर निघता येईना. गुडघे अडकले. मशिनीचा पाय धरून ओढलं तर मशीनच माझ्याकडं यायला लागली. तेवढ्यात पोरगी कॉलेजातून आली. दारात उभी राहून तिनं माझ्याकडं पाहिलं, होडीकडं पाहिलं, दप्तर खाली टाकलं आणि पोट धरून हसत सुटली.

"दात काय काढते, ओढ मला," मी म्हणाले. तिनं काखेत हात घालून ओढलं. मी फरशीवर बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं." हे मी तिला जन्मात पहिल्यांदा म्हणत होते. ती पाणी आणायला आत गेली.

पुण्याला फोन लावला. निळी विकली गेली होती. मग मी मनाशी म्हणाले, मोठा ड्रेस आत घेता येतो, तर होडी का न्हाई?

पहिल्यांदा जुन्या गादीचा स्पंज कापून लावला. बंधाऱ्यात पाच मिनिटांत तो पाणी पिऊन फुगला आणि निघून पाण्यावर तरंगायला लागला. सर म्हणाले, पाणी न पिणारा फोम पाहिजे, व्यायामाच्या चटईसारखा. जाड चटई आणली. पोरीला होडीत बसवून पुठ्ठ्याचे नमुने कापले, कमरेच्या दोन बाजू, मांड्यांच्या वर, पाठीमागं, तळपायापुढं. चप्पल चिकटवायच्या सोल्युशननं एकावर एक थर बसवले. मी आवेशात फार आवळत होते. पोरगी म्हणाली, "एवढं नको. उलटी झाले न रोल जमला न्हाई तर एका दमात निघता आलं पाहिजे मला." कमरेला घालायचा रबरी घेर होडीच्या भोकावर घट्ट बसवतात, म्हणजे आत पाणी येत नाही. तो ओढून काढायचा आणि निसटायचं, हे तिनं मला करून दाखवलं. मग मी प्रत्येक बाजूला एक बोट जागा ठेवली, बोट घालून मोजून.

पुढच्या शनिवारी ती उलटी झाली आणि पहिल्याच झटक्यात सरळ झाली. मी काठावर अशी किंचाळले की भावाची बसलेली म्हैस उठून चालायला लागली.

मोसंबी नसताना भावानं पिकअप कोलाडला काढली. तिथल्या नदीचं नाव कुंडलिका. आमच्या जालन्यातून जाते तीही कुंडलिकाच. पण ही धरणातून सकाळी सोडलेल्या पाण्यानं दगडांवरून फेसाळत येत होती. रोल सगळ्यांसमोर झाला, तिचा दोनदा घेतला, दोनदा जमला. मग खरी परीक्षा. धारेत तीन मोठे खडक होते. प्रत्येक खडकामागं पाणी शांत असतं. धारेतून येताना होडी एका कुशीवर कलवून त्या शांत पाण्यात वळवायची, थांबायचं, पुन्हा धारेत निघायचं.

पोरगी निघाली. आत ती घट्ट बसली होती, पण होडीच तिच्या वजनाला जुमानेना. रिकाम्या टोपल्यासारखी पाण्यावर वर वर राहिली. पहिला खडक चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्याच्या तर ती जवळही गेली नाही. आतून आवळता आलं, बाहेरून होडी मोठी ती मोठीच. मी ओल्या दगडावर बसून राहिले.

शिकवणाऱ्या मॅडम पुढं आल्या. त्यांनी होडी उचलून पाहिली, आतले थर पाहिले आणि सगळ्या पोरांसमोर, त्यांच्या आईबापांसमोर चढ्या आवाजात विचारलं, "ही एवढी मोठी होडी निवडली कुणी? एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

पोरगी म्हणाली, "मी."

आणि मी तशीच दगडावर बसलेली. मी! जी रस्त्यावर कुणाचं ऐकून घेत नाही ती. मग उठले आणि म्हणाले, "मॅडम, खोटं बोलून राह्यली ती. ती लहान होडीच मागत होती. मी न्हाई म्हणाले. वजन पण मीच खोटं सांगितलं. तिचं नाव कापू नका, चूक माझी आहे."

मॅडमनी माझ्याकडं, मग आतल्या फोमकडं पाहिलं. "हे कुणी केलं?"

"ते पण मीच."

"हे बरं केलंय," त्या म्हणाल्या. दुसरी फेरी सगळ्यांनाच होती. त्यांनी त्यांची एक लहान होडी दिली. पोरगी त्यात बसली, कमरेला थोडी ढिली झाली. पर्समधली कात्री काढून मी नारिंगीतले दोन पातळ थर सोलले आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारले. बोट घालून पाहिलं. बराबर.

पहिल्या खडकामागं ती अशी वळली की माझा विश्वास बसेना. दुसऱ्यालाही वळली. तिसऱ्याला कड घासली, पण आत शिरली आणि थांबली. दुपारी यादी वाचली, त्यात तिचं नाव होतं. तिला लगेच तिथंच थांबायचं होतं, कपडे नंतर पाठवा म्हणाले.

भाऊ चहाला गेला. आम्ही दोघी रिकामी नारिंगी होडी पिकअपमध्ये चढवून दोरीनं बांधत होतो. मी विचारलं, "तू खोटं कशाला बोललीस गं? मला बोलल्या असत्या दोन शब्द, काय बिघडलं असतं?"

तिनं दोरीवरची नजर काढली नाही. म्हणाली, "तुला बोलायचं तर मी बोलीन. दुसऱ्या कुणी बोललेलं मला चालत न्हाई."

"मग बोल की."

"घरी आल्यावर बोलते," ती म्हणाली आणि गाठ आवळली.

घरी आल्यावर म्हणजे दिवाळीला. हे माझ्या लक्षात आलं तोवर पिकअप घाटाला लागली होती. मग मी घाट चढून होईपर्यंत रडत होते. भावानं गाडी हळू चालवली.