झोळीतून पडलेलं बाळ

सत्य एका नजरेत ओळखणारी माणसं असतात, यावर मुलुंडच्या आमच्या चाळीचा ठाम विश्वास होता. तशी माणसं आम्हीच होतो. चाळीत नुकताच रंगीत टीव्ही आला होता, त्या वर्षी शेजारच्या सुनेचं चार महिन्यांचं बाळ झोळीतून पडलं. डोक्याला टेंगूळ आलं. "हिनंच आपटलं!" सासू म्हणाली आणि चाळीला पटलं.

इस्पितळात सासू-सुनेच्या सोबतीला मी होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंना एक नजर पुरेना. त्यांनी बाळाचे सगळे कपडे काढून पाठ, बरगड्या, कानांमागची जागा बोटांनी हलकेच चाचपली. मग बारीक दिवा धरून डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. सुनेला पडण्याची हकिकत पुन्हा पुन्हा विचारली. झोळीही घरून मागवली.

"तिला काय विचारता? मी सांगते ना!"

"आजी, तुम्ही तिथं होतात?"

"नव्हते. पण मला ठाऊक आहे ना!"

"बाळाला कुणी आपटल्याची, हिसडल्याची एकही खूण नाही. हिची हकिकत आणि ही जखम जुळतात."

सून तेव्हा कुठे रडली. इतक्या हलक्या बोटांनी दिलेला न्याय मी पुन्हा पाहिला नाही.

मग बाईंनी झोळीची गाठीपाशी फाटलेली साडी उचलली. "ही कुजकी साडी कुणाची?"

साडी सासूबाईंची होती.