साक्षीआधीची चाळीस मिनिटं

माझा राग आमच्या चर्चच्या मंडळीत प्रसिद्ध आहे, म्हणजे तो गेला म्हणून प्रसिद्ध आहे. उपासनेत एकजण पुढे येऊन प्रभूने आपल्याला कसं बदललं ते सांगतो, त्याला आम्ही ख्रिस्ती लोक साक्ष म्हणतो. माझी साक्ष नगरची. बावीस वर्षांचा असताना भर जेवणात मी धाकट्या भावाला स्टीलचं ताट फेकून मारलं. त्याची भुवई फाटली, चार टाके पडले. त्याच आठवड्यात प्रार्थनासभेत गुडघे टेकून ढसाढसा रडलो, भावाचे पाय धरले आणि नवा माणूस होऊन उठलो. यात खोटं काही नाही. पण पंचवीस वर्षं सांगून सांगून ती साक्ष गुळगुळीत झाली होती. भुवईपाशी थांबायचं, टाक्यांपाशी आवाज खाली आणायचा, सगळं पाठ. काकू मंडळी बरोबर त्याच जागी डोळे पुसायच्या.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. फ्रिस्को शहरातल्या मराठी मंडळीतून पाहुणे येणार होते. "तुमची साक्ष ठेवू या. तीच, ताटाची." मी काय, एका पायावर तयार.

इथे अमेरिकेत अ‍ॅशबर्नमध्ये आम्हा मराठी ख्रिस्ती घरांची उपासना रविवारी दुपारी तीनला, एका अमेरिकन चर्चच्या हॉलमध्ये भरते. साक्षीच्या दिवशी लेकीने हट्ट धरला, गाडी मी ड्राइव्ह करते. सोळा वर्षांची, हातात लर्नर परमिट, म्हणजे शेजारी मोठं माणूस हवंच. खरं तर तिथे बायकोने बसायला हवं होतं. ती तसं म्हणालीही. पण गाडीत मी कुणाचं ऐकतो होय!

पहिल्याच सिग्नलला सुरू झालो. "आरसा बघ. स्पीड बघ. अगं, पुढच्या गाडीला एवढी चिकटतेस कशाला?" तिचं "ओके बाबा" दर वेळी जरा आखूड होत गेलं. डेटा सेंटरच्या भिंती संपतात तिथे डावीकडे वळायचं होतं. समोरून ट्रक येत होता, तिने गाडी अर्धी वळवली आणि करकचून ब्रेक मारला. ट्रकवाल्याने हॉर्न दाबला नि तो निघून गेला. झालं काहीच नाही. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

"डोळे फुटलेत का? मारशील सगळ्यांना! अक्कल नावाची चीज आहे का तुला?" आणि डॅशबोर्डवर हात आपटला. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. तिचे गणितातले मार्क्स, तिच्या मैत्रिणी, तिचं घरात इंग्लिश बोलणं, सगळं त्या एका ब्रेकला नेऊन जोडलं. स्टिअरिंगवर तिचे हात थरथरत होते. मला दिसत होते. दिसत असून मी बोलत राहिलो, हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

तिने गाडी नीट बाजूला घेतली, उतरली आणि माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. "यू ड्राइव्ह." मी निमूट जागा बदलली. ती मागे आईशेजारी जाऊन बसली.

चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. मी इंजिन बंद केलं तेव्हा ती म्हणाली, "मी आत येणार नाही. आज नाही, नेक्स्ट संडेलाही नाही. तू ते ताटाचं सांगणार आणि सगळे रडणार. बाबा, गॉड माणसाला चेंज करतो म्हणजे हे असं असेल, तर आय डोन्ट वॉन्ट इट."

 पोरांचं चर्च सुटतं, इथे घरोघरी सुटतं. पण हिचं माझ्यामुळे सुटत होतं, आणि मी आत जाऊन नवा माणूस म्हणून उभा राहणार होतो.

बायको हळूच म्हणाली, "अहो, आज ती साक्ष देऊ नका. दिलीत तर मी उठून बाहेर येईन."

"पाहुणे आलेत. ऐन वेळी काय सांगू पाळकसाहेबांना?"

ती सरळ उतरली. आत जाऊन सगळ्यात मागच्या रांगेत बसली.

गाणी कधी संपली कळलं नाही. माझं नाव पुकारलं, माइक हातात आला, आणि तोंड आपोआप चालू झालं. नगर, जेवणं चाललेली, ताट. भुवईपाशी नेहमीसारखा थांबलो. तेवढ्यात मागे बायको पर्स घेऊन उठताना दिसली आणि मी ती साक्ष तिथेच सोडली.

"हे जुनं आहे," मी म्हणालो. "चाळीस मिनिटांपूर्वी मी माझ्या मुलीला नाही नाही ते बोललो. ती बाहेर गाडीत बसली आहे." मग ट्रक, डॅशबोर्ड, तिचे हात, सगळं सांगितलं. बायको उभीच राहून ऐकत होती.

 मग कुणीतरी "प्रभूची स्तुती असो" म्हणालं, काकू रडायला लागल्या, पाळकसाहेबांनी मिठी मारली. फ्रिस्कोचे एक काका हात दाबून म्हणाले, "काय साक्ष दिलीत हो! आमच्याकडे या एकदा, हीच द्या." आणि देवा रे, मला बरं वाटलं! हलकं, छान वाटलं. हातांपाशी जरा थांबायला हवं होतं, असंही मनात येऊन गेलं.

बायको दाराशी उभी होती. "तिला सांगितलंत का हे?" एवढंच तिने विचारलं.

मी बाहेर धावलो. गाडीची काच अर्धी खाली होती. "आत सगळं सांगितलं मी," धापा टाकत म्हणालो. "तुझ्यावर ओरडलो ते. सगळ्यांसमोर."

तिचा चेहरा आणखी घट्ट झाला. "त्यांना सांगितलंस? मला सांगायच्या आधी?"

माइकवर एकदाही न अडखळलेला माणूस तिथे उन्हात काचेला धरून उभा राहिला.  शेवटी कसाबसा म्हणालो, "चुकलो गं. तू घाबरली होतीस, मला दिसत होतं, तरी बोलत राहिलो. माफ कर मला."

ती समोरच बघत होती. "ओके," म्हणाली. "अँड टुमॉरो?"

 "माहीत नाही," मी म्हणालो. "भीती वाटते मला. परत ओरडेन."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "दॅट आय बिलीव्ह."

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. आत शेवटच्या आशीर्वादाची वेळ झाली, तरी गेलो नाही. तिथेच, तिला ऐकू जाईल अशी, फक्त उद्यापुरती प्रार्थना केली. कुठे थांबायचं ते मला माहीत नव्हतं. आमेन ती म्हणाली नाही. मीच म्हणालो.