कारखान्याचा आवाज बघायला

आमच्या नाटे गावाहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत एक जादा शर्ट आणि सोड्यांची (सोलून वाळवलेल्या कोळंबीची) पुडी होती, आणि खिशात माझ्या मुलीचा राजीनामा होता. राजीनामा तिने लिहिलेला नव्हता. मीच लिहिला होता, खाली तिच्या सहीपुरती जागा सोडून. सोडे बायकोने दिले होते. राजीनाम्याचा तिला पत्ता नव्हता.

मुलीचे नाव स्नेहल. खेडच्या बाजूला, लोट्याच्या पुढे सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) मोटरसायकलींचा कारखाना उभा राहिला आहे. वर्षापूर्वी ती तिथे लागली. "तपासणी खात्यात आहे" यापलीकडे ती कधी काही सांगत नसे आणि मीही विचारत नसे. संध्याकाळी फोन यायचा, जेवलीस का, जेवले, एवढ्यावर भागायचे. पण गेल्या दोन महिन्यांत तिने नवीनच सुरू केले. मी काही बोललो की म्हणायची, "काय? परत बोला."

हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. मी जहाजाच्या इंजिनरूममध्ये तेलवाला म्हणून सव्वीस वर्षे काढली. डावा कान तिथेच ठेवला आणि उजवा अर्धा घेऊन घरी आलो. बहिरेपण काही एका दिवसात येत नाही. आधी पाखरे गप्प होतात, मग कुकरची शिट्टी जाते, आणि मग माणूस सगळ्यांना "काय? परत बोला" म्हणायला लागतो. स्नेहल पंचवीस वर्षांची आहे. मी मनाशी पक्के धरले की कारखाना माझ्या पोरीचे कान खातो आहे, आणि त्या विचाराने माझी झोप उडाली.

हा कारखाना शनिवारी लोकांना आत फिरवून दाखवतो, हे तिनेच मागे सांगितले होते. शेजारच्याकडून मोबाइलवर नाव नोंदवून घेतले. तिला कळवले नाही. आत जायचे, आवाज स्वतः बघायचा, आणि इंजिनरूमसारखा असेल तर कागदावर सही घेऊन तिला सोबत आणायचे, असा माझा बेत होता.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने राजापूर गाठले आणि तिथून चिपळूणची गाडी धरली. काजूला मोहर आला होता. लांजा सोडल्यावर हमरस्त्याचे ते न संपणारे काम सुरू झाले. दोन्ही बाजूंना कापलेला लाल जांभा, मध्येच वळवलेला रस्ता, आणि गाडीतल्या प्रत्येकाचे त्यावर एकेक भाषण. माझ्या डावीकडे बसलेला गृहस्थ हातखंब्यापर्यंत काहीतरी सांगत होता. मी मान हलवत राहिलो. हातखंब्याला तो उतरला तेव्हा माझ्याशी हात मिळवून गेला, म्हणजे बहुतेक मी त्याच्या सगळ्या मतांना रुकार दिला असावा.

चिपळूणला मेहुणीकडे मुक्काम केला. तिने तिसऱ्यांचे (खाडीतल्या शिंपल्यांचे) सुके आणि तांदळाची भाकरी केली होती. वाशिष्ठीतल्या तिसऱ्या आमच्या खाडीतल्यांपेक्षा लहान असतात, पण हे तिथे बोलायची सोय नाही. जेवता जेवता मी तिला कागदाचे सांगून टाकले. कोणाला तरी सांगायलाच हवे होते.

"भावोजी," ती भाकरी वाढत म्हणाली, "पोरीला घेऊन येतो म्हणताव, पण पोरीला विचारलंत काय?"

मला नीट ऐकू आले होते. तरी मी "काय?" म्हणालो. बहिरा असल्याचा एवढा एक फायदा आहे.

शनिवारी सकाळी परशुराम घाट चढून लोटे ओलांडले. तिथला तो केमिकलचा वास बसच्या काचा लावल्या तरी आत येतोच. कंपन्यांच्या बसगाड्या पाळी सुटलेली माणसे घेऊन उलट दिशेने जात होत्या. त्यांतला प्रत्येक जण खिडकीला डोके टेकून झोपला होता.

कारखान्याच्या दारातच माझी दोन ठिकाणी अडवणूक झाली. एक पायाशी आणि एक पिशवीशी. मी चपला घालून गेलो होतो. जन्म किनाऱ्यावर गेलेल्या माणसाला बूट आठवतो तो लग्नात, नाहीतर बोटीवर चढताना. पहारेकऱ्याने पाटीकडे बोट केले: बंद पादत्राणांशिवाय प्रवेश नाही. मग त्याने पिशवी उघडली आणि मान मागे घेतली.

"काका, ह्ये काय?"

"सोडे."

"अख्ख्या केबिनीत वास सुटेल."

"सुटू दे. उद्यापर्यंत तुम्हालाच हवेसे वाटतील."

तो हसला. चिपळूणकडचाच निघाला. त्याने पुडी खिडकीत ठेवली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेले बूट काढून दिले. माझ्या मापाचे गेलेले होते. मिळाले ते इतके मोठे की पाय आत घातल्यावर पुढे निम्मी जागा रिकामी.

त्या दिवशीच्या फेरीत मी आणि दापोलीकडच्या एका बचत गटाच्या बारा बायका, एवढेच होतो. त्यांच्या प्रमुख कुसुमताई. माझी फरपट बघून त्या म्हणाल्या, "भाऊ, कागदाचा बोळा घाला की पुढं. बसतील मग."

"कागद नाही जवळ," मी म्हणालो, आणि हात नकळत खिशावर गेला.

आम्हाला फिरवणारी मुलगी अश्विनी म्हणून होती. सांगलीकडची, बोलण्यात घाटावरचा ठसका. तिने आमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर चिकट्या लावल्या, पिवळी जाकिटे दिली आणि बजावले, "जमिनीवर पिवळे पट्टे दिसतील, त्यांच्या बाहेर पाय टाकायचा नाही बघा. आतला माणूस काम करतोय, त्याला आपण दिसत नसतो." मग प्रत्येकाच्या हातावर कानात घालायचे दोन नारिंगी बोळे ठेवले. आमच्या वेळी बोटीवर पुसायच्या सुताचा बोळा कानात कोंबायचो आणि वर त्याची लाज वाटायची. मी माझे बोळे खिशात टाकले. मला आवाजच तर बघायचा होता.

"काका, घाला ते," अश्विनी म्हणाली. "नाही घातले तर इथूनच परत."

मुकाट्याने घातले.

आता अर्ध्या कानाच्या माणसाने, तोही बंद करून, आवाज बघायचा कसा? त्याला माझ्याकडे उपाय होता. इंजिनरूममध्ये कान गेल्यावर मी हाताने ऐकायला शिकलो. कठड्यावर तळवा ठेवला की इंजिन कसे चालले आहे ते कळते. पहिल्या शेडमध्ये इंजिनाचे भाग कापत होते. कठड्यावर हात ठेवला. लोखंड चांगलेच थरथरत होते. माणसांच्या कानांवर मोठाली कानटोपणे होती.

"इथं मुली पण आहेत कामाला?" मी ओरडून विचारले.

"आहेत की, बऱ्याच," अश्विनीने बोटांची खूण करत सांगितले.

मी एकेक चेहरा बघत चाललो. टोपी, चष्मा, कानटोपण यांच्या आत सगळ्या मला स्नेहलच वाटायला लागल्या. पुढचा रंगखात्याचा विभाग मी पाहिला तो केवळ डोळ्यांनी. काचेपलीकडे यंत्रांचे हात पेट्रोलच्या टाक्यांवर लाल रंग फवारत होते आणि बायका "अगो बाय, साडीला असा रंग हवा" म्हणत होत्या. माझे मन मागच्या कठड्यावरच होते.

त्यानंतरची शेड मात्र वेगळी होती. तिथे जोडणी चालते. एका टोकाला नुसता सांगाडा लटकत येतो, आणि पुढे सरकता सरकता त्याला इंजिन, चाके, तारा, दिवा, बसायची गादी अशी लागत जाते. कुसुमताईंनी विचारले की एखाद्याचा स्क्रू लावायचा राहिला तर काय? अश्विनीने वर लोंबणारी दोरी दाखवली. ती ओढली की अख्खी रांग थांबते आणि कोणी रागावत नाही. "आमच्या घरात पण अशी एक दोरी बसवून द्या," कुसुमताई म्हणाल्या. मी कठड्यावर हात ठेवला. कठडा गप्प होता. कानातले बोळे काढायला तिथे परवानगी होती. काढले, तर दोन बायका आपसांत बोलत होत्या ते मला, मलासुद्धा, ऐकू आले. थोडे हायसे वाटले. पण स्नेहल तिथेही नव्हती.

शेवटी रांग संपते तिथे जाड काचेच्या भिंतींची एक खोली होती. तयार मोटरसायकल आत ढकलायची, दार बंद करायचे, चालू करायची. आत एक मुलगी उभी होती. कानावर काहीही नाही. डोळे मिटलेले, मान जराशी कलती. गाडी चालू झाली. चार-सहा श्वास ती तशीच उभी राहिली, मग डोळे उघडून तिने गाडीला हिरवी चिठ्ठी लावली. पुढची गाडी आली. या वेळी तिने मान हलवली, इंजिनाच्या उजव्या बाजूला खडूने खूण केली आणि गाडी मागे पाठवली.

ती माझी स्नेहल होती.

"ही आमची कानाची माणसं," अश्विनी सांगत होती. "आवाज मोजायचं यंत्र आहे, पण यंत्राला नुसता किती आवाज ते कळतं, आवाजात काय बिघडलंय ते माणसालाच कळतं. सगळ्या कारखान्यात अशी थोडकीच माणसं आहेत. दर थोड्या दिवसांनी डॉक्टर त्यांचे कान तपासतात. एकसारखं तासन्‌तास उभं राहू देत नाहीत, मध्ये विश्रांती सक्तीची. घरीसुद्धा कानात ते गाणी ऐकायचं यंत्र घालायचं नाही, असा नियम आहे."

"एवढं कानावरून कळायला ही शिकली कुठं?" कुसुमताईंनी विचारले.

"नाट्याची आहे ती, मच्छीमाराच्या घरातली. निवडीच्या वेळी साहेबांनी हेच विचारलं. तर म्हणाली, आमच्याकडे बोट किनाऱ्याच्या टोकापलीकडे असते, दिसत नाही, तेव्हाच इंजिनावरून सांगायचं असतं कोणाची ते. म्हणजे आईला चुलीवर भात टाकता येतो. लहानपणी मी कधी चुकले नाही, म्हणाली."

मी काचेला हात लावून उभा राहिलो. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. तिच्या लहानपणी मी कुठल्यातरी समुद्रावर इंजिनाला तेल घालत होतो, वर्षातून दोनतीन महिने घरी. माझ्या मुलीचे कान असे आहेत हे मला सांगलीच्या मुलीकडून कळले. वाईट वाटले, पण त्या वाईट वाटण्याच्या वर पाण्यासारखा आनंद चढत आला. तिचे कान शाबूत होते. नुसते शाबूत नव्हे, अख्खा कारखाना त्यांना जपत होता.

"ती माझी मुलगी," मी म्हणालो.

बारा बायका एकदम माझ्याकडे वळल्या. कुसुमताईंनी डोळ्यांना पदर लावला. का, ते मी विचारले नाही, कारण मीही तेच करायच्या बेतात होतो. भिंतीजवळच्या बाकावर बसलो, खिशातला कागद काढला, त्याचे दोन बोळे केले आणि एकेका बुटात नीट दाबून बसवले. उरलेली फेरी झोकात चाललो.

विश्रांतीत अश्विनीने तिला कॅन्टीनमध्ये आणले. समोर मला बघून ती जागच्या जागी थांबली.

"बाबा? तुमी हयसर कशे? घरात सगळी बरी हायत ना?"

"सगळी बरी हायत. तुझे कान बघूक इलंय."

मग सगळे सांगितले. "काय? परत बोला" पासून. राजीनाम्याचे तेवढे गाळले. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "तुमी फोन कसो धरतास ता दाखवा."

मी दाखवला. ऐकू यावे म्हणून मी तो मुठीत घट्ट धरून उजव्या कानावर दाबतो. तिने हलकेच माझी बोटे सोडवली. फोनचे खालचे तोंड, ज्यात बोलायचे असते तेच, माझ्या तळव्याखाली झाकलेले होते.

"जुना फोन फुटला ना तुमचा? दोन महिन्यांमागं ह्यो नवीन घेतलात. तवापासून मला तुमचा निम्माच आयकू येता."

"मग बोल्लीस का नाय?"

"कानाचा विषय काढला की तुमी जेवणावरसून उठतास, म्हणून." ती हसली, आणि मग हसायची थांबली. "बाबा, कपाटातला यंत्र घालाल ना आता?"

कानात घालायचे यंत्र डॉक्टरांनी देऊन तीन वर्षे झाली होती. लोक म्हातारा म्हणतील म्हणून मी ते कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवले होते. हो म्हणालो. मी मुलीचे कान तपासायला शेकडो मैल नसले तरी अख्खा जिल्हा उभा तुडवत गेलो, आणि नापास झाले ते माझेच.

दाराशी बूट परत केले. पहारेकऱ्याने एक उलटा करून आपटला, बोळा बाहेर पडला. "काका, कागद कामाचा नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. सोडे त्याने इमानदारीने स्नेहलच्या हाती दिले. पुडी थोडी सैल बांधलेली वाटली, पण तो माझा भ्रम असेल.

रविवारी दुपारी नाट्याला पोचलो. बायकोला सगळे सांगितले. बोटीच्या आवाजाचे ऐकून ती नुसते म्हणाली, "व्हय तर. तुमाला माहीत नाय?" यंत्र तिनेच कपाटातून शोधून दिले. संध्याकाळी ते उजव्या कानात घालून मी जेटीवर गेलो. पहिल्यांदा बर्फ फोडल्याचा आवाज एवढा मोठा आला की दचकलो. टोपल्या, कावळे, भांडणे, सगळे एकदम. मग फोन लावला. तो दोन बोटांत धरला होता, खालचे तोंड मोकळे ठेवून.

"पोचलो गो," मी म्हणालो.

"काय" म्हणाली नाही. उलट गप्पच झाली. मी विचारले, काय झाले?

"थांबा," ती म्हणाली. "काकांची बोट इली."

मी खाडीच्या तोंडाकडे बघितले. काहीच नव्हते. यंत्रावर हात ठेवून कान दिला. नुसते पाणी. म्हटले, पोरगी आज चुकली. तेवढ्यात टोकाच्या मागून माझ्या भावाच्या बोटीचे निळे नाक बाहेर आले, आणि मग, बऱ्याच वेळाने, मलाही तिचे इंजिन ऐकू आले.

"सांगा आयेला," स्नेहल म्हणाली, "भात टाक म्हणावं."